उलट्या लटकलेल्या अळ्या

"हात लावू नको!" शीतल ओरडली, पण तोवर पप्पूच्या बोटाखाली अळी फुटली होती आणि काळपट पाणी त्याच्या मनगटापर्यंत ओघळलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ही भावंडं पिंपळगाव रेणुकाईला मच्छिंद्रकाकांकडे आली होती. काकांच्या मक्यात लष्करी अळी शिरली होती. सगळीकडे ती मजेत पानं खात होती. आंब्याच्या सावलीतल्या दोन ओळींत मात्र अळ्या डोकं खाली करून मरून लटकल्या होत्या. काकांची अंजू विहिरीवरच्या खोलीतून फवारणीची अर्धी बाटली घेऊन आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'विषाणूयुक्त कीडनाशक'.

विषाणू म्हणजे काय, ते कोरोनानं तिघांनाही चांगलं शिकवलं होतं. पप्पू पांढराफटक पडला आणि हात लांब धरून बांधावर जाऊन बसला.

"जवळ येऊ नका," तो म्हणाला. "ताई, मीबी असाच मरणार का?"

शीतल काकांकडे गेली. काकांना विचारलं, तर ते हात धू म्हणाले आणि पुन्हा ट्रॅक्टरवाल्याशी बोलू लागले. औषध फेल गेलं होतं, म्हणून संध्याकाळी सगळ्या मक्यावर रोटाव्हेटर फिरवून पीक मातीत गाडायचं होतं.

धुऊन धुऊन पप्पूचा हात लाल झाला, तरी त्याचं रडणं थांबेना. शेवटी शीतल खोलीत धावली. बाटलीच्या खोक्यात माहितीपत्रक होतं, घडीसुद्धा न मोडलेलं! तिनं मोठ्यानं वाचलं, 'हा विषाणू फक्त लष्करी अळीला मारतो. माणसांना, जनावरांना अपाय नाही.' खात्री पटावी म्हणून तिनं ते तीनदा वाचलं.

पुढची ओळ अंजूनं वाचली. 'कडक उन्हात विषाणू निकामी होतो. फवारणी सायंकाळीच करावी.'

तिघं ट्रॅक्टरकडे पळाले.

"बाबा, फवारा कधी मारल्ता?" अंजूनं विचारलं.

"दुपारी. लाइट दुपारीच येऊन राह्यली, मंग टाकी कधी भरू?"

"म्हणून तर सावलीतल्याच मेल्या, काका," शीतल म्हणाली आणि तिनं कागद पुढे केला.

काकांनी ओठ हलवत तो वाचला. ट्रॅक्टर परत गेला. दुपारी टाकी भरून ठेवून उरलेलं औषध त्यांनी ऊन उतरल्यावर फवारलं.

आठवड्याभरात शेतभर अळ्या लटकल्या. बघायला आलेल्या शेजाऱ्यांना काका म्हणाले, "औषधात खोट नव्हती, चूक माझी होती. या पोरीनं कागद वाचला म्हणून मका उभा हाय."

"आन मी भ्यालो म्हणून तिनं वाचला," पप्पू म्हणाला.