गरम टेबलावर जुळवलेला सेट

“येतोच गं पोरी...” रेडिओवरून आलेला बाबांचा तो आवाज. मी लहान होते. त्यांची बोट परतलीच नाही. तेव्हापासून बोटीवरून रेडिओवर कुणीही बोललं की मी त्याच्या परतीचे तास मोजू लागते. आणि पोटासाठी धंदा मात्र निवडला तो बोटींचे रेडिओ दुरुस्त करण्याचा.

तो आला तो दार चुकून. इंजिनवाल्याकडे जायचं होतं, शिरला माझ्या खोलीत. मी कानांना हेडफोन लावून एका सेटवर ओणवी झालेली.

“नाडी लागतेय का, डॉक्टरीणबाई?”

मी हसू दाबलं... दाबलेलं त्याला दिसलंच. मग त्याच्या बोटीचा रेडिओ वरचेवर आजारी पडू लागला. दीपगृहावर सामान पोचवायचं त्याचं काम. आज सकाळी सेट उचलता उचलता, नजर चोरत, त्याने लग्नाचं विचारलं. मी उगाच टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागले. घाई नाही, म्हणत तो बोटीकडे गेलासुद्धा.

तो गेल्यावर माझं लक्ष टेबलावरच्या तापलेल्या दिव्याकडे गेलं — आणि काळजात चर्र झालं. सेटमधल्या क्रिस्टलच्या थरथरीवर त्याची फ्रिक्वेन्सी, म्हणजे बोलायची लहर, ठरते; गारठ्यात ती खाली ढळते. म्हणून सेट आधी बाहेर निववायचा, मगच जुळवायचा. मी मात्र त्याच्याकडे बघत बघत, गरमच जुळवून दिला होता. धक्क्यावर पोचले तर बोट सुटलेली.

दुपारी धुकं उतरलं. मी बंदराच्या रेडिओखोलीकडे धावले. तिथले काका हाका मारून थकले होते, त्याच्या बोटीकडून उत्तरच येत नव्हतं. मी खुर्ची ओढली, फ्रिक्वेन्सीचं बटण केसभर खाली फिरवलं. खरखर... अजून खाली, खरखर... मग बदकासारखं काहीतरी बोललं. अजून जरासं — बदकाचा माणूस झाला, आणि माणसाचा तो. किनारा कुठल्या बाजूला, एवढंच पुन्हापुन्हा विचारत होता.

काका आवाज कुठून येतो ते दाखवणाऱ्या दिशादर्शकाशी बसले. त्याला बोलत ठेव, म्हणाले, म्हणजे काटा ठरेल. मी इंजिनाचं विचारलं, लाटांचं विचारलं. बोटीवरचा सेट अजून गार होत होता. त्याचा सूर निसटायचा, मी बटणाने त्याच्या मागे मागे जायचे.

काटा ठरला. मी त्याला दिशा सांगितली, त्याने बोट वळवली. पण खिडकीतून त्याच्या इंजिनाचा आवाज अजून ऐकू येत नव्हता.

“बोलत राहा ना,” मी म्हणाले.

“माझं तर बोलून झालंय, डॉक्टरीणबाई. सकाळीच.”

काका उगाचच खिडकीकडे वळले. मी माइक तोंडाशी धरला.

“सेट मी चुकीचा जुळवला... तुमच्याकडे बघत होते म्हणून. समुद्राची फार भीती वाटते हो मला. फार. तरी... हो. करीन मी लग्न तुमच्याशी.”