आधी काय सोडणार?

रुग्णालयाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत तिघं होती. ती, एक उंच तरुण, आणि त्या तरुणाच्या उजव्या हातावर चढवलेला कापडी उंट.

"घाबरू नका," उंट म्हणाला. "मला पाण्यावाचून राहायची सवय आहे. तुमचं काय?"

"मला उशीर करायची सवय नाही," ती म्हणाली. पण ओठांचा कोपरा हललाच.

"मला उंटराव म्हणतात. हा मागे उभा आहे ना, तो माझा नोकर. फार लाजाळू! त्याच्याशी बोलू नका, घाम फुटतो त्याला."

खरंच की… तरुणाच्या कपाळावर घाम होता. तेवढ्यात लिफ्ट हलली, दार उघडलं आणि समोर तिची आत्या उभी!

"बरं झालं भेटलात. अगं, हा आपला बाहुलीवाला. आणि काय रे, ही माझी भाची. आजपासून संस्थेची प्रमुख. म्हणजे तुझी साहेब!"

उंटाने मान खाली घातली.

आत्याने ही संस्था एका साध्या कामासाठी काढली होती. आजारी मुलं महिनोन् महिने रुग्णालयात पडून राहतात आणि शाळेत मागे पडतात. त्यांना खाटेपाशी जाऊन शिकवायचं, एवढंच. पण आत्याच्या तोंडून 'नाही' कधी निघालं नाही. सहा रुग्णालयांनी बोलावलं, सहाही धरली. कुणी म्हटलं खेळणी वाटा, वाटली. कुणी म्हटलं बाहुल्यांचा खेळ करा, तोही सुरू झाला. शिक्षिकांची नुसती धावाधाव. आज शिकवलेले अपूर्णांक पुढच्या फेरीपर्यंत पोरं विसरून जायची.

भाचीने पहिल्याच बैठकीत नियम घातला. नवं काम सुचवायचं असेल, तर आधी कुठलं जुनं काम सोडणार ते सांगायचं.

"अगं बाई, घरात नवं कपाट आणतानाही कुणी एवढं विचारत नाही!" एक शिक्षिका पुटपुटली.

"म्हणून तर घरात चालायला जागा उरत नाही," ती हसून म्हणाली.

बाहुलीवाला मागे बसून तिच्याकडे बघत होता. तिने बघितलं की तो उंटाची शिवण तपासू लागे.

पुढे खेळ संपला की दोघं मागच्या पायऱ्यांवर चहा घेऊ लागली. फिनेलच्या वासातही तो चहा गोड लागायचा.

"साहेब, नोकर म्हणतो, तुम्ही हसलात की गालावर खळी पडते," उंटराव सांगायचे.

"नोकराला स्वतःचं तोंड नाही का?"

"होतं. मला देऊन टाकलं."

ती हसायची. पण हल्ली ते हसू मध्येच विरायचं. कारण तिला एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली होती. सहाऐवजी दोनच रुग्णालयं धरली, तर प्रत्येक मुलापाशी शिक्षिका रोज जाऊ शकत होती. मात्र त्यालाही आणखी थोडे हात लागणार होते, आणि ते फक्त एकाच ठिकाणाहून मोकळे होणार होते. खेळ असला की शिकवणं बंद. शिक्षिका पडदे बांधणार, मुलं गोळा करणार, सामान वाहणार. खेळ थांबवायला हवा होता. त्याचा खेळ.

शनिवारी विश्वस्तांची बैठक होती. निर्णय झाल्यावर त्याला सांगणं सोपं गेलं असतं. ती आदल्या दिवशीच गेली. तो पडद्याची घडी घालत होता. तिने दुसरं टोक धरलं.

"उद्या मी तुमचा खेळ बंद करायला सांगणार आहे."

पडदा मध्येच थांबला.

"उंटराव काही बोलत नाहीत…?" तिने कसंबसं विचारलं.

"त्यांना कशाला मध्ये घेता?" तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. "मुलांचं हसणं तुमच्या योजनेत बसत नाही का, मॅडम?"

"बसतं. म्हणून तर झोप लागत नाही."

"मग माझ्या बाजूने बोला."

"नाही."

"निदान गप्प राहा."

"तेही नाही. पण तुम्ही या. माझ्याविरुद्ध बोला, सगळ्यांसमोर."

त्याने तिच्या हातातलं टोक हलकेच काढून घेतलं आणि उरलेली घडी एकट्याने घातली.

दुसऱ्या दिवशी तो बैठकीला आला. टेबलाभोवती आत्या, एक डॉक्टर आणि निवृत्त मुख्याध्यापक होते. उंट त्याने पिशवीतच ठेवला. तिने योजना मांडली, तसा तो उठला.

"एकच विचारतो. ज्या चार रुग्णालयांतून निघायचं, तिथल्या मुलांना काय सांगणार?"

सगळे तिच्याकडे वळले. 'लवकरच परत येऊ' हे शब्द अगदी जिभेवर होते. तिने ते गिळले.

"खरं सांगायचं. आम्हाला जमत नाही, म्हणून आम्ही येणार नाही. परत येण्याचं वचन मी देणार नाही, कारण ते पाळता येईल की नाही, मला माहीत नाही. हे सांगायला मी स्वतः जाईन. प्रत्येक खाटेपाशी."

 डॉक्टरांनी हात वर केला. मुख्याध्यापकांनी मान हलवली, "मला नाही पटत." उरली आत्या.

"जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही मी," ती डोळे पुसत म्हणाली. "आज स्वतःलाच म्हणते." आणि तिचा हात वर गेला.

भाची जिंकली होती. टेबलावरचे कागद आवरायला तिला बराच वेळ लागला; मग ती लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली. दार मिटता मिटता तो आत शिरला. हातात पिशवी नव्हती.

"उंटराव कुठे आहेत?"

"पाचव्या मजल्यावरच्या मुलीला दिले. पाढे म्हणायला लावतेय त्यांना."

"तुम्ही… संस्था सोडणार?"

"चार रुग्णालयांत एकट्या जाऊ नका. वाईट बातमी सांगायला मलाही जमत नाही, पण दोघं असलो तर…" तो थांबला. कपाळावर पुन्हा घाम. "आणि एक नवं काम सुचवायचं होतं."

ती त्याच्याकडे वळली. "नियम माहीत आहे ना? आधी काय सोडणार?"

त्याने रिकामा उजवा हात पुढे केला.

"उंटाच्या आडून बोलणं," तो म्हणाला. "तू मला फार आवडतेस. हे मीच बोलतोय."

तिने तो हात धरला. लिफ्ट थांबली, दार उघडलं. समोर आत्या!

"येऊ का गं आत?"

"नाही!" दोघं एकदम म्हणाली, आणि तिने दार मिटायचं बटण दाबलं.