खिंडीतला काड्यांचा ढीग

तुम्ही विश्वास ठेवावा, असा माझा आग्रह नाही. मला हे नीट सांगता येईल का, याचीच मला खात्री नाही.

पण हे घडलं आहे.

ज्यांच्या वाट्याला आलं ते घर पाचोऱ्यात आमच्या पलीकडच्या गल्लीत आहे. त्या घरच्या सुनेने, मिसबाहने, मला हे स्वतः सांगितलं.

मागच्या वर्षीचा डिसेंबर. शनिवारची संध्याकाळ. जागा म्हणजे चोपड्याच्या वर, सातपुड्यातली एक खिंड. तिचं नाव मी लिहीत नाही. नाव वाचून कुणीतरी बघायला जाईल.

मिसबाहचा नवरा दानिश. गाड्यांची सीट-कव्हरं शिवायचं त्याचं दुकान. हसरा, बडबड्या, एका जागी न बसणारा माणूस. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी दोघं एकत्र कुठे गेली नव्हती. म्हणून या सहलीचा बेत दिवाळीपासून शिजत होता. रोज जेवण झालं की गच्चीवर मोबाइलमध्ये नकाशा उघडायचा. यावल, पालचं जंगल, मग चोपड्याच्या वरचे डोंगर पायी, आणि शेवटी शिरपूरवरून धुळे. धुळ्यात दानिशची बहीण रूही राहते. तिच्याकडे एक दिवस राहून परत.

तंबू दानिशने स्वतः शिवला होता. सीट-कव्हरच्या कापडाचा.

"भाभी, ह्याला सांगा, डोंगरात आपण झोपायला चाललोय, रुखवत मांडायला नाही," विक्रम म्हणाला होता.

विक्रम म्हणजे दानिशचा मित्र. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. मूळचा त्या डोंगराच्या पायथ्याचा, म्हणून वाट दाखवायला तोही जीपमध्ये सोबत होता. खिंडीच्या अलीकडे त्याच्या काकांचं शेत होतं. तंबू तिथेच ठोकायचा ठरला.

यावलच्या रस्त्यावर भरताची पांढरी वांगी घेतली. डोंगरात जायचं आणि भरीत करायचं नाही, हे खानदेशी माणसाला पटणारच नाही. वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांची मोळी जीपच्या टपावर बांधली होती.

ती मोळी रस्त्यात कुठेतरी पडली. गाठ सुटली असावी. शेतावर पोचल्यावर लक्षात आलं.

जीप शेतात लावून तिघं खिंड बघायला चढली. वाट अरुंद. दोन्ही बाजूंना अंजनाची झाडं. वर पोचल्यावर वाटेच्या कडेला काड्यांचा मोठा ढीग दिसला. जुन्या, वाळून पांढऱ्या पडलेल्या काड्या. वर काही ताज्या डहाळ्या.

विक्रमने चालता चालता अंजनाची एक डहाळी मोडली आणि ढिगावर ठेवली. क्षणभर मान खाली घातली.

"काय रे हे?" दानिशने विचारलं.

"काही नाही. जाणारा-येणारा एक काडी ठेवतो. जुनी पद्धत आहे."

"का पण?"

विक्रम लाजला. शहरातले मित्र हसतील असं त्याला वाटलं असावं.

"ठेवतात," एवढंच तो म्हणाला आणि कॅन घेऊन नाल्याकडे पाणी आणायला उतरला.

तिथेच चूक झाली.

आपल्याकडे शेतात भरीत पार्टी असली की जो तो येताना काड्यांचा भारा घेऊन येतो. सगळ्यांचा मिळून एक जाळ होतो. दानिशला तेच आठवलं.

"बघ, लोक किती चांगले आहेत. वाटसरूला जळण मिळावं म्हणून जमवून ठेवतात," तो म्हणाला. "उद्या जाताना आपण दुप्पट ठेवू."

त्याने काड्या उचलायला सुरुवात केली. मिसबाहनेही ओंजळभर घेतल्या. वाळलेल्या काड्या हाताला गार लागत होत्या, हे तिला आठवतं.

काड्या काढता काढता तळ लागला.

खाली एक खळगा होता. लांबट. माणूस झोपेल एवढा.

"अरे वा! गादी तयारच आहे." दानिश हसत त्या खळग्यात आडवा झाला. हात छातीवर घेतले. "मिसबाह, बघ. अगदी माझ्या मापाचा."

मिसबाह हसली.

मग तिला जाणवलं... खिंडीत वारा होता, पण अंजनाचं एकही पान हलत नव्हतं.

"उठ," ती म्हणाली. "उठ ना."

तो उठला. अंग झटकलं. "थंड आहे गं खाली."

शेतात येऊन त्यांनी चूल पेटवली. काड्या लगेच पेटल्या. जाळ मोठा झाला.

पण आवाज नाही...

वाळलेली काडी जळताना चटचट करते. ठिणगी उडते. इथे काहीच नाही. वांग्याची साल काळी पडत होती, रस खाली गळत होता. तेही निःशब्द.

विक्रम परत आला. चुलीकडे बघितलं आणि त्याच्या हातातला कॅन खाली पडला.

"ह्या काड्या कुठल्या?"

"वरच्या. तूच तर म्हणालास..."

"मी ठेवायला म्हणालो होतो रे! उचलायला नाही!"

तो वळला आणि खिंडीकडे पळत सुटला. हाताला लागतील त्या डहाळ्या मोडत गेला. दिवस बुडाल्यावर परत आला. हात ओरबाडलेले.

"झाकलं?" मिसबाहने विचारलं.

विक्रम चुलीपासून लांब जाऊन बसला. भरताला त्याने हात लावला नाही.

जेवण होईस्तोवर दानिशला थंडी भरली होती. त्याच्या अंगावर दोन पांघरुणं टाकली. रात्री आवरून निघायचा विचार झाला, पण जीप सुरू होईना. ट्रॅक्टरची इंजिनं खोलून बसवणारा विक्रम बॉनेट उघडून बसला, त्यालाही काही सापडलं नाही. शेवटी थकून मिसबाहचा डोळा लागला.

फटफटलं तेव्हा ती एका आवाजाने जागी झाली.

तंबूच्या कापडावर काहीतरी हलकं पडत होतं.

टप्...

मग थोडी शांतता. मग पुन्हा.

टप्...

ती बाहेर आली. बाहेर कुणी नव्हतं. तंबूवर झाडही नव्हतं. शेत मोकळं होतं.

तंबूची दानिशची बाजू मात्र डहाळ्यांनी झाकली होती. अंजनाच्या ताज्या डहाळ्या. वाऱ्याने पडल्यासारख्या नाही. प्रत्येक डहाळी एका दिशेने, जपून ठेवलेली.

तिच्या बाजूला एकही नव्हती.

जीप पहिल्याच किल्लीला सुरू झाली. विक्रमने ती थेट आपल्या पाड्यावर नेली. त्याची आजी, गुंताबाई, अंगणात मोहाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. विक्रमने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"तुम्हीन त्या बठ्ठ्या काड्या जायी टाक्यात?" म्हातारीने विचारलं. सगळ्या जाळल्या?

मिसबाहने मान डोलावली.

"तठे कोन शे, आजी?" विक्रमने विचारलं. तिथे कोण आहे?

"कोनले माहीत? मना आजानाबी पहिलेनं शे ते." तिच्या आजोबांच्याही आधीचं.

ती उठली. जीपच्या मागच्या सीटवर दानिश पडला होता. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकली, हातातलं मोहाचं पान त्याच्या पायाशी ठेवलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्याच क्षणी चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला.

"मी काब्र ठेवं?" ती स्वतःलाच विचारत होती. का ठेवलं मी? "काब्र ठेवं?"

ती घरात गेली आणि आतून कडी लावली.

ते तसेच धुळ्याला निघाले. रूहीच्या नवऱ्याच्या ओळखीचा दवाखाना होता. वाटेत शिरपूरच्या अलीकडे विक्रम चहा आणायला उतरला. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई जीपजवळून चालली होती. ती थांबली. भाऱ्यातली एक काडी ओढली, खिडकीतून आत दानिशच्या पायावर ठेवली आणि मागे न बघता पुढे गेली.

मिसबाहने ती काडी बाहेर फेकली. तेव्हा दानिश कुडकुडायला लागला.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. ताप नाही. रक्त चांगलं. डॉक्टर म्हणाले, भीती घेतली असेल, घरी न्या. पण अंग हाताला गार लागायचं. दगडासारखं.

दुसऱ्या दिवशी, दवाखान्यातून निघायच्या आधी, फरशी पुसणारी भिकुबाई त्याच्या उशाजवळ कडुनिंबाचं पान ठेवताना मिसबाहने पकडली.

"काय करताय मावशी?"

भिकुबाईने हाताकडे पाहिलं. "काय करतेय मी?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

पाचोऱ्याला आल्यावर मिसबाहने पहिलं काम केलं ते म्हणजे अंगणातली मेंदी तोडली. कुंड्या काढून टाकल्या. भेटायला येणाऱ्यांना ती दारातच हात दाखवायला लावायची. लोक म्हणायचे, नवऱ्याच्या काळजीने पोरीचं डोकं फिरलं.

तिला एकच कळत होतं. दानिश जिवंत आहे. आणि लोक त्याच्यावर अशा गोष्टी ठेवताहेत, ज्या फक्त मेलेल्याच्या जागेवर ठेवतात. ती हे होऊ देणार नव्हती.

एका दुपारी तिची सासू, सलीमा, लेकाच्या पलंगाशी पुदिन्याची पानं ठेवून मान खाली घालून उभी दिसली.

"अम्मी!"

सलीमाने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण नुकतं झालेलं नाही. फार जुनं. जसं कबरस्तानात उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं.

त्या दिवसापासून मिसबाहने सासूलाही त्या खोलीत येऊ दिलं नाही.

विक्रम अधूनमधून खिंडीत जायचा. डहाळ्यांचा भारा टाकून यायचा. पुढच्या वेळी बघावं तर जागा मोकळी. ना काडी, ना पान. ना खळगा.

"खळगाच राहिला नाही, भाभी," तो म्हणाला. "जमीन सपाट झाली तिथली."

मग तोही यायचा बंद झाला.

दानिश आता बोलत नसे. फक्त एकच म्हणायचा, "थंडी वाजतेय." रजई घातली, शेगडी ठेवली, मिसबाहने त्याचे तळपाय आपल्या मांडीवर घेऊन तासन्‌तास चोळले. काही फरक नाही.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. ती त्याच्या पलंगाशेजारी मेथी निवडत बसली होती. त्याच्याजवळ पाला आणायचा नाही, हा तिचाच नियम. पण घरात दुसरं कुणी नव्हतं आणि त्याला एकटं सोडवत नव्हतं. ताट तिने मांडीवर घट्ट धरलं होतं.

"मिसबाह..."

किती दिवसांनी त्याने नाव घेतलं होतं.

"काय?"

"बरं वाटतंय," तो म्हणाला. "ऊब येतेय."

तो हसत होता. पूर्वीसारखा. गालांवर रंग आला होता. तिने घाईने त्याच्या कपाळाला हात लावला.

कपाळ कोमट होतं...

तिला रडू फुटलं. अल्लाहचे आभार मानायला तिने हात उचलले, आणि बोटं दिसली.

बोटं हिरवी होती.

मांडीवरचं ताट रिकामं होतं.

मेथीचं एकेक पान त्याच्या अंगावर ठेवलेलं होतं. जपून. एका दिशेने. गळ्यापासून पायापर्यंत.

तिने झडप घालून मूठभर पानं उडवली. तेवढ्यात त्याचे ओठ निळे पडले. दात वाजायला लागले.

"नको ना," तो म्हणाला. "उघडं नको टाकू मला."

मिसबाह मला हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज अजिबात हलला नाही. मी विचारलं, मग काय केलंस?

तिने माझ्याकडे पाहिलं.

"चाचा, खाली पडलेली पानं गोळा केली," ती म्हणाली. "आणि परत ठेवली."

आता त्या घराचं दार दिवसभर उघडं असतं. दानिश बोलतो, थोडं जेवतो, ओळख देतो म्हणतात. जाणारे-येणारे आत जाऊन येतात. बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, कशाला गेला होतात, तर नीट सांगता येत नाही. पलंगावरचा ढीग आता खिडकीतून दिसतो.

मला बाजारात जायला दुसरा रस्ता नाही. त्या गल्लीतून जाताना मी दोन्ही हात खिशात घट्ट धरून ठेवतो.