टेबलाचं लाकूड कोणतं?

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलो होतो. पण ज्याच्या घरी हे घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि ते टेबल मी या हातांनी हलवून पाहिलंय.

हा दादा लाकडाच्या वखारीत कामाला. कुठलंही लाकूड हुंगून ओळखायचा, म्हणून तिथे सगळे त्याला ‘नाकोबा’ म्हणत.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला रविवार होता. भर दुपार. आदल्या दिवशीच दादा-वहिनीने जुन्या सामानाच्या दुकानातून जेवायचं टेबल आणलं होतं. त्यावर नव्याने चढवलेलं काळपट, जाड पॉलिश. हमालांनी ते दारातून सरळ आत आणलं, कुठे घासलंसुद्धा नाही.

“कशाचं आहे हो हे?” वहिनीने सहज विचारलं.

नाकोबाला एवढं पुरलं! पटाशी घेऊन स्वारी टेबलाखाली. लाकूड ओळखायचं तर पॉलिश खरवडून एक ताजा आडवा काप घ्यावा लागतो. मग त्यातली बारीक छिद्रं बघायची, वास घ्यायचा.

त्याने काप घेतला. हुंगला.

आणि पुन्हा हुंगला...

“साग?”

“नाही.”

“मग शिसम?”

“नाही गं. आणि हे... ओलं आहे.”

इतकं जुनं टेबल, आणि वास आज सकाळी तोडलेल्या झाडाचा. बोटाला चिकट पाणी लागलं.

सवयीने त्याने बोटांनी टकटक केलं. कुठलं लाकूड कसं वाजतं, ते त्याला पाठ होतं.

टेबल वाजलंच नाही...

त्याने जोरात ठोकलं. बोट दुखलं, पण आवाज नाही.

शहाण्याने तिथेच थांबावं. पण ओळखता न आलेलं लाकूड म्हणजे त्याच्या घशात अडकलेला काटा. रोज कामावरून आला की तो खरवडत बसायचा. बघता बघता सगळं पॉलिश उतरलं.

त्याच दिवसांत त्यांची लहानगी चिमी सुकायला लागली. ताट चाटूनपुसून खायची, पण अंगाला काही लागेना. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पोरगी त्या टेबलावर डोकं टेकून तासन्‌तास बसायची.

“बाबा, आतून पाणी वाहतंय.”

दादाने कान लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही...

वहिनीचा धीर सुटला. “मला काही सांगू नका. हे धूड आधी घराबाहेर काढा!”

शेजाऱ्यांना हाताशी घेऊन दादाने टेबल दारापर्यंत नेलं.

अडलं.

उभं केलं, आडवं केलं, तिरकं करून पाहिलं. ज्या दारातून ते आलं होतं, त्याच दारातून आता जाईना. पाय सुटे करावेत म्हणून दादा खाली वाकला...

सांधेच नव्हते.

पाय आणि फळी एकजीव झाले होते.

“मग कापा!” वहिनी ओरडली.

दादाने पायावर करवत टेकवली. एकदाच ओढली.

आतल्या खोलीत चिमीने किंकाळी फोडली.

तिच्या पायावर एक बारीक, पांढरी चीर होती. रक्ताचा थेंब नाही. वहिनीने तिला छातीशी धरलं, तर तिच्या अंगाला ताज्या लाकडाचा वास...

दादा लहान पोरासारखा रडला. त्याच संध्याकाळी त्याने टेबलावर पॉलिशचे हातांवर हात दिले. पॉलिश वाळलं, तशी पोरगी हळूहळू माणसात आली.

चिमी आता नोकरीची झालीये. मुलाखतीसाठी ती परगावी गेली, त्या रात्री दादाच्या टेबलाचं सगळं पॉलिश तडकलं. परत आली ती दोघांच्या आधाराने. प्रवास बाधला असेल, असं ती म्हणते.

नोकरी तिला मिळालीये. दादा जाऊ देत नाही आणि कारणही सांगत नाही. बापलेकीत अबोला आहे.

काल तिचा मला फोन आला. “काका, तुम्ही तरी बाबांना समजवा ना. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

मी नुसतं “बघतो” म्हणालो. तेव्हापासून फोन वाजला की मी उचलत नाही.