डिस्कखालचा मंगळवार

बाळाच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या स्टोरेजच्या डब्यावरचा दिवा बुधवारपासून लाल होता. सिस्टिम पार्टिशन भरलंय, एवढंच तो सांगत होता. नवऱ्याला त्यातलं काही कळत नाही. मी मात्र बाळंतपणाआधी पाच वर्षं एका ऑफिसात असेच डबे सांभाळत होते. म्हणून शुक्रवारी कामावर निघताना तो म्हणाला, "तेवढं नीट करून ठेव. मंगळवारचं रेकॉर्डिंग बघून टाकू, आईचंही समाधान होईल."

माझ्या समाधानाचं कुणी विचारलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी सासूबाई न कळवता आल्या होत्या. बेल वाजवत दारात उभ्या राहिल्या. आत छकुली रडत होती, दार कुणी उघडेना, आणि मग रडणं एकदम थांबलं. त्या 'एकदम'चीच त्यांनी धास्ती घेतली. उशी, औषध, काय काय त्यांच्या मनात आलं ते त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं आणि त्याने मला जसंच्या तसं ऐकवलं. मी म्हटलं, मी खोलीतच होते, तिला मांडीवर थोपटत होते, उठले असते तर पुन्हा जागी झाली असती. पण त्यांचं ठरलं होतं. शनिवारी सात महिन्यांची पोर त्यांच्या घरी जाणार, सून 'बरी होईपर्यंत'. रेकॉर्डिंगमध्ये मी दिसले, तर मात्र नाही.

मी खोलीत नव्हते. गच्चीच्या जिन्यात, अगदी वरच्या पायरीवर, कानांवर हात ठेवून बसले होते. तरी बेल ऐकू येत होती. खाली उतरले असते तर बाहेरून येताना दिसले असते. त्या निघून गेल्या, मी आणखी थोडी थांबले आणि मग उतरले. छकुली झोपली होती. रडून दमली असेल, असं मी धरून चालले.

तर मला ते रेकॉर्डिंग सापडायला नको होतं.

छकुलीच्या खोलीतला कॅमेरा सगळं त्या डब्याच्या मोठ्या डिस्कवर लिहितो. डिस्कवर सोमवार संध्याकाळनंतर थेट बुधवार सकाळ होती. मधलं काही नाही. जीव भांड्यात पडला. पण पाच वर्षांची सवय गप्प बसू देईना. डब्याचा स्वतःपुरता छोटा भाग, ते सिस्टिम पार्टिशन, काठोकाठ भरलेलं. आणि त्यातल्या फायली मोजाव्यात तर निम्म्याही भरत नव्हत्या.

मग आठवलं. सोमवारी फडताळ पुसताना मी मोठ्या डिस्कची केबल काढली होती आणि बुधवारी पुन्हा लावली. मधल्या काळात कॅमेरा थांबला नव्हता. डिस्क नाही, पण तिच्या नावाचा रिकामा फोल्डर होता. तो होता त्या छोट्या भागातच. कॅमेरा तिथेच लिहीत राहिला. डिस्क परत लावल्यावर ती त्या फोल्डरवर गादीवर चादर पडावी तशी पडली. याच चुकीसाठी मी ऑफिसात नव्या पोरींना फैलावर घेत असे.

म्हणजे मंगळवार खाली होता.

नवरा यायच्या आत पुसून टाकायचा, एवढंच काम. मी डिस्क काढली, फोल्डर उघडला. न बघताही पुसता आला असता.

चित्राला आवाज नव्हता. बारा वाजून दहा मिनिटांनी मी बाहेर जाते, दार ओढून घेते. छकुली पाळण्यात हातपाय झाडते. बारा चौदाला पाळण्याजवळच्या स्टुलावर कुणीतरी बसलेलं असतं. आत येताना दिसत नाही. दार बंदच आहे. आधी स्टूल रिकामं, मग नाही.

कॅमेऱ्याकडे पाठ. माझा तपकिरी गाऊन. माझी वेणी, डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली.

तिने छकुलीला उचललं, मांडीवर घेतलं, थोपटलं. मी सांगितलेलं खोटं, हुबेहूब.

दोन दिवसांची रेकॉर्डिंग्ज एकात एक मिसळली असतील, म्हणून मी घड्याळ तपासलं, तारखा तपासल्या. पण पडदे मी मंगळवारी सकाळीच धुवायला काढले होते, आणि चित्रात खिडकीला पडदे नव्हते.

बारा चव्वेचाळीसला तिने छकुलीला पाळण्यात ठेवलं. पांघरूण सारखं केलं.

मग खाली मान घालून कॅमेऱ्याच्या दिशेने आली आणि त्याच्याखालच्या कोपऱ्यात गेली. तो कोपरा कॅमेऱ्याला दिसत नाही.

मिनिटभराने दार उघडून मी आत आले.

त्या कोपऱ्यातून कुणी बाहेर पडलं नाही. संध्याकाळपर्यंतचं सगळं मी बघितलं.

पुसलं नाही. माझं बाहेर जाणं, स्टूल रिकामं होतं ती चार मिनिटं आणि माझं आत येणं तेवढं कापलं, उरलेलं मोठ्या डिस्कवर नेलं, छोटा भाग मोकळा केला. दिवा हिरवा झाला.

संध्याकाळी दोघांना दाखवलं. सासूबाईंनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "इतकं छान घेता येतं की गं तुला. मग माझ्यासमोर काय होतं तुला?" नवरा स्क्रीनवरची नजर काढत नव्हता. असं तुला कधी बघितलंच नाही, म्हणाला. शनिवारी पोर कुठे गेली नाही.

रविवारी दुपारी छकुली माझ्या हातात ताठ झाली, रडून लालबुंद झाली. अर्धा तास फिरवलं. मग पाळण्यात ठेवलं, बाहेर आले, दार ओढून घेतलं. दोन पावलं गेले असेन, रडणं थांबलं.

स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "झोपली का गं?"

मी तोंड उघडलं.

"झोपली," दाराच्या आतून हळूच माझा आवाज आला.

"बरं झालं," तो म्हणाला. "तूही पड जरा तिच्याजवळ."