फेर्मीनच्या तळघरातली मेणबत्ती

"फुंकू नका! माणूस अजून खाली आहे!"

वरून आलेली विसितामावशीची किंकाळी ऐकून सार्जंट क्विंताना दचकला. हवा तपासायला तो पेटती मेणबत्ती घेऊन तळघरात उतरला होता. ज्योत नीट जळते आहे असं पाहून त्यानं विजेरी काढली आणि मेणबत्ती विझवायला गाल फुगवले, तेवढ्यात ही किंकाळी.

"आमच्याकडची रीत आहे," मागोमाग उतरलेली एदुर्ने म्हणाली. "तळघरात माणूस असेपर्यंत कुणी मेणबत्ती फुंकत नाही. फुंकणाऱ्याच्या माथी खालच्या माणसाचं मरण येतं."

"तो तर मेलाच आहे, बाई."

"तरीसुद्धा नाही."

क्विंतानानं मेणबत्ती तिच्या हातात दिली. तो दक्षिणेचा, समुद्रकाठचा. वाइनसाठी डोंगर पोखरून त्यात उतरणारी ही माणसं त्याला पहिल्यापासूनच अर्धवट वाटत होती.

शेवटच्या पायरीशी म्हातारा फेर्मीन पालथा पडला होता. कपाळ फुटलेलं. शेजारी त्याचं लोखंडी मेणबत्तीदान जमिनीवर सरळ उभं होतं. मेणबत्ती तळापर्यंत जळून गेली होती आणि मेण दगडावर ओघळून थिजलं होतं. पलीकडच्या पिंपांत द्राक्षरस खदखदत होता.

एदुर्नेला भडभडून आलं. पाहुण्यांसाठी स्पेनच्या रिओहा प्रांतातल्या लहान गावांच्या आणि द्राक्षमळ्यांच्या सहली आखणं हा तिचा धंदा. या खेपेला ब्रियोनेस, मग लाग्वार्दिया आणि शेवटचं जेवण इथं, फेर्मीनच्या तळघरात, असं तिनं ठरवलं होतं. कालच त्याचा फोन आला होता. "आण तुझी माणसं, पोरी. वेलींच्या काटक्यांवर कोकराच्या बरगड्या भाजू. त्या हॉटेलवाल्याला म्हणावं, जा उडत. मी काही विकत नाही!" ते पक्कं करायला ती सकाळी आली, तर दारात त्याची बायको, विसितामावशी, ऊर बडवत होती.

वर आल्यावर क्विंतानानं निकाल देऊन टाकला. "वायू. रस आंबताना जो सुटतो तो. तळघराची हवा जाते त्या धुराड्यावर झाकण होतं, वायू साचला, म्हाताऱ्याला भोवळ आली, पायऱ्यांवरून कोसळला. सकाळी दार उघडल्यावर हवा मोकळी झाली. झाकण कुणी घातलं?"

"मी," मावशी म्हणाली. "मीच मारलं माझ्या माणसाला."

"तुला घातल्याचं आठवतं, मावशी?" एदुर्नेनं विचारलं.

"हल्ली काय आठवतं मला? शेगडी पेटती ठेवून बाजाराला जाते. पण बर्नाबेनं पाहिलं ना."

बर्नाबे तिचा धाकटा भाऊ. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. तळघर बापाकडून आलेलं, दोघा भावंडांच्या नावावर. हॉटेलवाल्याला ते विकावं म्हणून तो वर्षभर फेर्मीनच्या मागे लागला होता आणि मावशी नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हती.

"तिला दोष देऊ नका, सार्जंटसाहेब," तो म्हणाला. "आभाळ भरून आलं म्हणून घातलं बिचारीनं. मी समोरच्या बारमध्ये होतो, तिथून पाहिलं."

"कालच्या गारा पडायच्या आधी?" एदुर्नेनं विचारलं.

"आधीच. नंतर काय उपयोग?"

"आणि नंतर कुणी हलवलं?"

"कुणीही नाही. सकाळी मीच काढून ठेवलं."

धुराडं तळघराच्या माथ्यावर, टेकडीत होतं. एदुर्ने वर चढली. कालच्या गारांनी मळ्याची लक्तरं केली होती. धुराड्याच्या दगडी तोंडावर, जाळीवर, फाटकी पानं चिकटली होती. त्यांच्यावर झाकणाच्या कडेचा गोल वळ स्पष्ट उमटला होता. बाजूला पडलेल्या लाकडी झाकणाच्या खालच्या अंगालाही तीच पानं चिरडून बसली होती. तिनं सार्जंटला हाक मारली. त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला.

"म्हणजे झाकण गारांनंतर घातलंय?"

"पानांवर दाबून. आणि खाली चला म्हणजे दुसरंही सांगते."

दारात मावशी आणि बर्नाबे तसेच उभे होते.

"फेर्मीन वायूनं मेला नाही," एदुर्ने म्हणाली. "वायू जमिनीलगत साचतो. त्यात माणूस पडायच्या आधी मेणबत्ती विझते, म्हणून तर ती न्यायची. तो वायूनं पडला असता, तर मेणबत्ती अर्धीअधिक उरली असती. ही जमिनीवर ठेवलेली असून तळापर्यंत जळली. म्हणजे हवा चांगली होती, झाकण मागाहून देखाव्यासाठी घातलं. त्याला कुणीतरी ढकललं."

"हॉटेलवाला!" बर्नाबे म्हणाला. "काल गावातच होता तो!"

"मलाही आधी तेच वाटलं. पण त्यानं मेणबत्तीचं काय केलं असतं? वायूचा देखावा करणारा परका माणूस ती पहिल्यांदा फुंकून टाकेल. सार्जंटसाहेब फुंकणारच होते की आत्ता. ज्यानं केलं त्याला झाकण घालायचं सुचलं, पण मेणबत्ती फुंकवली नाही. तो इथलाच आहे. गारांआधी झाकण घातल्याचं तूच सांगितलंस, बर्नाबेमामा. का खोटं बोललास?"

बर्नाबेनं बहिणीच्या खांद्यावरचा हात काढला.

"एक फुंकर मारली असतीस तर आम्ही सगळ्यांनी वायूच म्हटलं असतं," एदुर्ने म्हणाली. "का नाही मारलीस?"



"तो अजून श्वास घेत होता," बर्नाबे म्हणाला. "खाली माणूस असताना कशी फुंकू?"

क्विंतानानं त्याचा दंड धरला. एदुर्ने मावशीजवळ गुडघे टेकून बसली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"तू नाही मारलंस, मावशी. ऐकतेस ना? तू झाकण घातलंच नव्हतंस."

मावशी जीपकडे नेल्या जाणाऱ्या भावाच्या पाठीकडे पाहत होती.

"मीच मारलं असतं तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. "निदान भाऊ तरी उरला असता."