चौथा टोला

सुनेत्रा, ते पुस्तक जरा मीट बघू. अभ्यास कर, मी कुठे नाही म्हणतो? पण ते पान नको. दातांचा पक्षी! पाण्यात बुड्या मारायचा, डायनोसॉरच्या काळात होता आणि त्यांच्याबरोबरच संपला, असं लिहिलंय म्हणतेस. कोणी लिहिलं? त्याला म्हणावं, एकदा बदलापूरला येऊन मधुकाकाला भेट.

हस, हस. तुझ्या काकूला मात्र हसू येणार नाही.

अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत पंप ऑपरेटर. कंपनीला पाणी उल्हास नदीतून जायचं. त्यासाठी मांजर्लीच्या पुढे, अगदी काठावर जॅकवेल होती. जॅकवेल म्हणजे विहीरच गं, चाळीस फूट खोल. खाली लोखंडी जाळी, तिच्यातून नदीचं पाणी आत येतं, आणि विहिरीच्या डोक्यावर पंपघर. त्या दिवशी सकाळची पाळी. एकच्या सुमाराला एक नंबरचा पंप पाणी उचलेना. ऑगस्ट महिना, जाळीत कचरा अडकला असणार. माझा जोडीदार आनंदा डबा खात होता. तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, "मधुशेठ, मागच्या वेळी मी उतरलेलो. आज तुझा नंबर."

शिडी केव्हाच गंजून पडली होती. दोराला बांधलेल्या फळीवर बसायचं आणि वरच्याने विंच फिरवून आपल्याला खाली सोडायचं. दोन नंबरचा पंप चालूच असायचा, त्याच्या घरघरीत बोंब मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून आमची टोल्यांची रीत. बंद पंपाच्या पाईपवर पान्याने ठोकायचं, वरच्याने पाईपला हात लावून मोजायचं. तीन टोले म्हणजे वर ओढ. चार म्हणजे सगळं ठीक आहे, वेळ लागेल, ओढू नकोस. मी नोकरीला लागायच्या आधीपासून हेच चालत आलेलं.

उतरलो. खाली पाण्याच्या वीतभर वर एक सिमेंटचा कट्टा होता, दोन पावलं मावतील एवढा. भर दुपारी तिथे काळोख. शेवाळाचा वास रोजचाच, पण त्या दिवशी त्यात मासळीबाजार उठल्यावर येतो तसला वास मिसळला होता. गढूळ पाण्यात दिसतंय काय? लांब आकडी घालून जाळी चाचपली. कचरा नव्हताच. तीन गज आतल्या बाजूला वाकले होते.

काहीतरी नदीतून आत घुसलं होतं. मी म्हटलं, मरू दे, साहेब बघतील. फळीवर बसलो आणि पाईपवर ठोकलं. टण, टण, टण.

लगेच पाण्याखालून, त्याच पाईपवर, टण.

वाटलं, आवाज घुमला असेल. थांबलो. फळी हलेना. पुन्हा तीन ठोकले. पुन्हा खालून चौथा. अगदी तेवढ्याच अंतराने, तेवढ्याच जोराचा. आणि वर आनंदा मोजतोय चार, आणि निवांत जेवतोय!

मग मी घाईघाईने ठोकले. मोठ्याने ठोकले. दोर धरून चढायला गेलो, तर तळहात सोलून खाली आलो. शिव्या घातल्या, आनंदाला आणि त्याच्या बापाला. दर वेळी माझे तीन झाले की खालून एक. तेवढ्यात पायाला गार लागलं. नदी चढत होती, पाणी कट्ट्यावर आलं होतं.

आणि ते वर आलं...

विजेरीच्या उजेडात आधी मान दिसली, माझ्या हाताएवढी लांब. मग चोच. चोचीत आडवा धरलेला मासा. आम्ही नदीवर वाढलेली माणसं गं, पाणकावळे काय कमी बघितलेत? पण ह्याने चोच उघडली तेव्हा आत दात होते, बारीक, मागे वळलेले, करवतीसारखे ओळीने. अंग माझ्याएवढं, पंख म्हणून काही नाहीच. मासा गिळून त्याने एक डोळा माझ्याकडे वळवला. मग बुडी मारली. पाणी हललंसुद्धा नाही.

खोटं कशाला बोलू, मी रडलो. पस्तिशीचा बाप्या, लहान पोरासारखा रडलो. मला मरायचं नव्हतं. निदान तिथे नव्हतं मरायचं, त्या वासात, आणि आनंदा वर बोटं चाटत बसलेला असताना.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा डोक्यात आलं. ते नेहमी एक वाढवतं ना? मग मी दोनच ठोकले. टण, टण... आणि श्वास धरून थांबलो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग माझ्या पायाजवळून, अगदी हळू... टण.

फळी हलली. देवा! मी डोळे मिटून घेतले ते पार वर येईपर्यंत उघडले नाहीत.

"काय राव, खाली झोपलेलास काय? चार-चार वाजवतोयस," आनंदा म्हणाला.

आणि माझी अक्कल बघ. मी म्हटलं, "गाळ होता." काय सांगणार होतो? दातवाला पक्षी बघितला? आनंदाने सगळ्या कंपनीत माझी धिंड काढली असती. त्यात पुढच्याच आठवड्यात पर्मनंटचं पत्र मिळायचं होतं. वहीत लिहिलं, "जाळी तपासली. सर्व ठीक." तीनला कोंडाजीकाका दुसऱ्या पाळीला आले. म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आवाजावरून पंप चालवायचा. त्यांना रामराम केला आणि सायकल काढली.

घरी आलो. तुझ्या काकूला, बकुळाला, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अहो, आणि कोंडाजीकाकांना सांगितलंत का?"

तशीच सायकल उलटी मारली. पोचलो तेव्हा चार वाजले होते. कोंडाजीकाका पंपघराच्या पायरीवर दम खात बसले होते. सदरा चिंब. आतून बाहेर, पायरीवरून थेट नदीकडच्या गवतापर्यंत, एखादं ओलं पोतं ओढत नेल्यासारखा पट्टा.

"काका, काय झालं?"

"काय झाला काय इचारतंस?" काका भडकलेच. "तुमचा मानूस खाली ऱ्हायला नि तुमी घरा गेलांव? लाज नाय वाटली? पायपाला हात लावला त तीन टोलं. मोजून तीन! मंग काय करनार? फली सोडली खाली नि वडला वर."

"काका... खाली कोणी नव्हतं."

"नव्हता कसा? ह्या हातांनी वडलाय. जड व्हता. बोलला नाय काय नाय. नुसता पोटाव सरकत भायेर निंगाला. मला वाटला बिचाऱ्याचं पाय मोडलं. म्हनून वाकलो, त्याला उठवायला."

"मग?"

काका स्वतःच्या पंजाकडे बघत राहिले. दिसत तर नव्हतंच त्यांना.

"चाचपला रं मी त्याला, पार खांद्यापासून," ते हळूच म्हणाले. "हातच नव्हतं त्याला."